घरातला पहिला डॉक्टर

लखनौ शहरातून रायबरेलीचा रस्ता धरला की दक्षिणेकडे तेलीबाग नावाची वस्ती लागते. नावात बाग असली तरी आज तेथे घराला घर लागलेले आहे. त्याच रस्त्याने आणखी पुढे गेले म्हणजे संजय गांधी स्नातकोत्तर आयुर्विज्ञान संस्थेचे विस्तीर्ण आवार दिसते. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या ह्या संस्थेकडे दूरदूरच्या जिल्ह्यांतून रुग्ण येतात. त्यांच्याबरोबर आलेली माणसे गाठोडी उशाशी घेऊन रात्री काढतात. तेलीबागेतील मुले हे रोज पाहत वाढतात. डॉक्टर म्हणजे काय हे त्यांना ठाऊक असते. डॉक्टर कसे होतात हे मात्र ठाऊक असतेच असे नाही.

काही दिवस ह्या वस्तीत एका मराठी स्नेह्याकडे राहण्याचा योग मला आला होता. शेजारच्या घरी पिठाची चक्की होती. एके दिवशी संध्याकाळी तेथून पेढे आले. त्या घरातील थोरली मुलगी वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत उत्तीर्ण झाली होती. त्या कुळात कॉलेजची पायरी चढणारी ती पहिलीच. आनंदाचा भर ओसरल्यावर तिची आई आमच्या ओसरीवर आली आणि डोक्यावरचा पदर सावरीत अगदी हलक्या आवाजात तिने विचारले, “भाईसाहब, डॉक्टर होईपर्यंत किती वर्षे लागतात?” तिच्या घरात हा प्रश्न विचारावा असे कोणी नव्हते. मुलीला विचारावे, तर मुलीचा धीर खचेल अशी तिला धास्ती.

श्रोतेहो, तो प्रश्न माझ्या मनात बरेच दिवस राहिला. बुद्धी असते, कष्टांची तयारी असते, कधी पैशाचीही सोय होते; परंतु पुढच्या वळणावर काय आहे हे सांगणारे घरातील वडीलधारे माणूस नसते. घराण्यातून पहिल्यांदाच विद्येच्या वाटेला लागणाऱ्याचे हे खरे दारिद्र्य होय. आणि मग आठवण झाली ती मुंबईची. एक काळ असा होता की नव्या वैद्यकाच्या बाबतीत साऱ्या मुंबई इलाख्यातील कोणत्याही देशी कुटुंबात विचारायला कोणी नव्हते. त्या काळी जी मुले ह्या वाटेने गेली, ती सगळीच आपापल्या घरातील पहिली होती.

ती गोष्ट एका अपयशापासून सुरू होते. १८२६ मध्ये मुंबई सरकारने देशी मुलांसाठी एक वैद्यकशाळा काढली. जॉन मॅक्लेनन नावाचे सर्जन तिचे प्रमुख. शिक्षण देशी भाषांतून द्यावयाचे होते, म्हणून मॅक्लेननसाहेबांनी मराठी व गुजराती पुस्तकांची खटपट केली. सहा वर्षांनी, १८३२ मध्ये, सरकारने ही शाळा बंद केली. शाळा बंद पडली ह्याचे दुःख नाही; त्यातून जो निष्कर्ष लोकांनी काढला तो अधिक घातक होता. ह्या देशातील मुलांना हे शास्त्र झेपावयाचे नाही, असे बोलणाऱ्यांना एक पुरावाच हाती लागला.

१८३५ मध्ये सर रॉबर्ट ग्रँट मुंबईचे गव्हर्नर झाले. त्यांच्याबरोबर चार्ल्स मोरहेड हे एडिंबरोचे तरुण डॉक्टर होते. ग्रँटसाहेबांच्या इच्छेवरून ह्या प्रश्नाची चौकशी झाली आणि त्यात मोरहेड ह्यांनी मन घातले. त्यांचा निर्णय मोठा न्यायी होता. दोष मुलांचा नव्हे, शाळेच्या रचनेचा, असे त्यांचे म्हणणे. एका शिक्षकाने सगळे विषय शिकवावयाचे, आणि तेही बहुतांशी पुस्तकावरून! अशा शाळेतून एडिंबरोतही डॉक्टर निपजले नसते. नव्या महाविद्यालयाची योजना विलायतेस गेली. पण तिला मंजुरी आल्याचे पाहणे ग्रँट ह्यांच्या नशिबी नव्हते. जुलै १८३८ मध्ये पुण्याजवळ दापोडी येथे त्यांना मृत्यूने गाठले. त्यांच्या स्मारकासाठी मुंबईकरांनी वर्गणी जमविली, कंपनीसरकारने आपला वाटा घातला आणि भायखळ्यास महाविद्यालय उभे राहिले. सर जमशेटजी जीजीभाई ह्यांच्या उदार देणगीतून शेजारीच रुग्णालय झाले. मोरहेड ह्यांचा सारा आग्रह ह्या शेजारासाठी होता. व्याख्यान संपले की विद्यार्थी रुग्णाच्या खाटेजवळ उभा राहिला पाहिजे. १८४५ मध्ये रुग्णालय सुरू झाले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ग्रँट मेडिकल कॉलेजचे वर्ग भरू लागले.

त्या पहिल्या वर्गात एक विद्यार्थी असा होता की ज्याच्या हकिगतीपाशी थोडे थांबले पाहिजे. रामकृष्ण विठ्ठल लाड हे त्याचे नाव. पण घरी त्याला भाऊ म्हणत आणि वडिलांना दाजी. कॉलेजच्या दप्तरात आणि पुढे इतिहासातही घरचेच नाव टिकले: भाऊ दाजी. गोव्यातील पेडणे महालातल्या मांद्रे गावी १८२२ च्या सुमारास त्यांचा जन्म झाला. वडील मातीच्या बाहुल्या करून विकीत. पोटासाठी हे कुटुंब मुंबईस आले. मुलगा बुद्धिबळात असा तरबेज निघाला की त्याची कीर्ती त्या वेळचे गव्हर्नर लॉर्ड क्लेअर ह्यांच्या कानावर गेली. मुलाची हुशारी पाहून त्यांनी वडिलांना सल्ला दिला: ह्याला इंग्रजी शिकवा.

अशा गोष्टी चरित्रांतून फार गोड लागतात. मला त्यांची थोडी भीती वाटते. गव्हर्नराच्या दृष्टीस पडण्याजोगा बुद्धिबळपटू प्रत्येक घरात कोठून असणार? दाजींच्या शेजारीपाजारी तितकीच हुशार पण पट न मांडणारी मुले असतीलच. त्यांची नावे आपणास कळली नाहीत. तरी एक गोष्ट दाजींच्या पदरी टाकलीच पाहिजे. सल्ला देणे लाटसाहेबांना सोपे होते. हाताशी आलेला मुलगा मातीकामातून सोडवून शाळेत धाडणे हे बाहुल्या विकणाऱ्या बापाला सोपे नव्हते.

भाऊ एल्फिन्स्टन संस्थेत शिकले आणि तेथेच शिक्षक झाले. कच्छ व काठेवाड प्रांतांतील बालिकाहत्येवर त्यांनी लिहिलेल्या निबंधाला सहाशे रुपयांचे बक्षीस मिळाले. त्या काळचे सहाशे रुपये! कुटुंबाच्या दृष्टीने मुलगा मार्गी लागला होता. मान होता, पगार होता, सरकारदरबारी ओळख होती. वय वीसबावीस वर्षांचे. अशा वेळी ही नोकरी सोडून ते ग्रँट मेडिकल कॉलेजात पुन्हा विद्यार्थी म्हणून बसले. ह्या शिक्षणातून पुढे काय निष्पन्न होईल हे तेव्हा कोणीच सांगू शकत नव्हते, कारण त्या कॉलेजातून बाहेर पडलेला एकही माणूस जगात नव्हता. मला वाटते, त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठे धाडस हेच. कॉलेजात त्यांनी फॅरिश शिष्यवृत्ती मिळविली.

धाडस एवढ्यानेच संपत नव्हते. प्रेताला हात लावल्यावर स्नान केल्यावाचून घरात पाऊल न टाकणाऱ्या समाजातील ही मुले. त्यांना प्रेत फाडून शिकावयाचे होते. कलकत्त्यास १८३५ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय निघाले आणि पुढल्या वर्षी पंडित मधुसूदन गुप्त ह्या वैद्यकुळातील गृहस्थाने शवविच्छेदन केले. त्या प्रसंगी फोर्ट विल्यमवरून तोफा डागल्या, अशी कथा बंगाल्यात सांगतात. मुंबईस तशी तोफांची कथा नाही. दिवसभर विच्छेदनगृहात काम करून संध्याकाळी मुलगा घरी परतला म्हणजे दाराशी काय होत असेल, पाण्याची घागर कोण ओतीत असेल, पंगतीला बसताना शेजारचा किती सरकून बसत असेल, ह्याची कल्पनाच करावी. ह्यात तोफा वाजविण्यासारखे काही नव्हते. पण ते पाचसाडेपाच वर्षे चालले होते.

दुसरी कसोटी भाषेची. नव्या कॉलेजात सारे शिक्षण इंग्रजीतून होते. जुनी शाळा देशी भाषांमुळे बुडाली, हे मत त्यामागे होते. मला हे मत अर्धेच खरे वाटते. १८२६ च्या शाळेजवळ रुग्णालयाची जोड नव्हती आणि पुरेसे शिक्षक नव्हते. मराठीच्या माथी सगळा दोष मारणे अन्यायाचे होते. परंतु मोरहेड ह्यांची बाजूही समजून घेतली पाहिजे. आपला विद्यार्थी विलायतेतील विद्यार्थ्यापेक्षा कमी प्रतीचा आहे असे कोणी म्हणता कामा नये, ह्या हट्टाने ते शिकवीत होते. आणि त्या हट्टाची भाषा त्या वेळी इंग्रजीच होती. पुढे १८६१ मध्ये ह्याच कॉलेजात मराठी व गुजरातीतून शिकविणारे वर्ग निघाले, पण ते रुग्णालयातील साहाय्यक तयार करण्यासाठी. डॉक्टर इंग्रजीत, मदतनीस मराठीत, अशी जी वाटणी तेव्हा झाली ती आजही पुरती मिटलेली नाही. खेड्यातील शाळेतून आलेल्या मुलाला कॉलेजच्या पहिल्या सहामाहीत शरीरशास्त्राहून इंग्रजीच अधिक रडविते, हे तेलीबागेत काय आणि तासगावात काय, सारखेच.

१८५१ मध्ये परीक्षा झाली. ज्यांनी इतकी वर्षे शिकविले त्यांनीच गुण द्यावयाचे नाहीत, अशी व्यवस्था केलेली होती. आठ विद्यार्थी पदवीला पात्र ठरले. अनंत चंद्रोबा, आत्माराम पांडुरंग आणि भाऊ दाजी. मेरवानजी सोराबजी आणि बर्जोरजी दोराबजी हे पारशी. आणि सेबॅस्टियन कार्व्हालो, जुझे कामिल लिस्बोआ व पॉल फ्रान्सिस गोम्स हे ख्रिस्ती. भाऊ मांद्र्याचे आणि लिस्बोआ आसगावचे. म्हणजे त्या छोट्या यादीतही गोमंतकाचा वाटा चांगला होता. १८३२ चा निष्कर्ष त्या दिवशी पुसला गेला.

ह्या आठांनी पुढे काय केले ते सगळे सांगावयाचे तर वेळ पुरणार नाही. अनंत चंद्रोबांनी १८६९ मध्ये मुंबईत वासरांपासून मिळविलेल्या लशीने देवी टोचण्याची पद्धत आणली. तत्पूर्वी एका मुलाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर लस नेत असत आणि तिच्याबरोबर इतर रोगही जात. लिस्बोआ ह्यांनी मुंबई इलाख्यातील उपयुक्त वनस्पती आणि गवते ह्यांवर लिहिले. आत्माराम पांडुरंग हे व्याकरणकार दादोबांचे बंधू. १८६७ मध्ये प्रार्थनासमाजाच्या स्थापनेत त्यांनी पुढाकार घेतला आणि १८८३ मध्ये मुंबईची निसर्गेतिहास संस्था निघाली तेव्हा तिच्या संस्थापकांत ते होते.

पण त्यांच्या वैद्यकीय मार्गावर एक भिंत होती. पदवी कितीही कसून मिळविली तरी सरकारी नोकरीत देशी पदवीधराचे स्थान गोऱ्या सर्जनाच्या हाताखाली. कंपनीच्या वरिष्ठ वैद्यकीय सेवेची दारे स्पर्धापरीक्षेने १८५५ मध्ये उघडली, पण ती परीक्षा लंडनला. बंगालचे सूर्यकुमार चक्रवर्ती त्याच वर्षी तीत यशस्वी झाले. दहा वर्षांपूर्वी समुद्र ओलांडून गेलेल्या चार विद्यार्थ्यांपैकी ते एक होते. ज्याच्या घरी समुद्रगमनाने वाळीत पडण्याची भीती आणि तिकिटाला पैसा नाही, त्याला ते दार असून नसल्यासारखे. भाऊ दाजींनी स्वतंत्र व्यवसाय पत्करला. त्यांचे धाकटे बंधू नारायण दाजी हेही ग्रँट कॉलेजातूनच डॉक्टर झाले. त्यांना मात्र घरात विचारायला माणूस होते! दोघा भावांनी गोरगरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालविला.

भाऊ दाजींचा लौकिक अनेक अंगांनी वाढला. शिलालेखांचे वाचन, संस्कृत ग्रंथकारांचा कालनिर्णय, मुलींच्या शाळा, बाँबे असोसिएशनचे राजकारण, भायखळ्याचे वस्तुसंग्रहालय. १८६९ मध्ये व पुन्हा १८७१ मध्ये ते मुंबईचे शेरीफ झाले. १८६५ च्या सुमारास शेअरबाजार कोसळला त्यात त्यांचीही संपत्ती गेली. पण आपला विषय वैद्यकाचा आहे, आणि तेथे एक गोष्ट मला खटकते ती सांगितली पाहिजे. कुष्ठरोगावर त्यांनी पुष्कळ वर्षे उपचार केले. रुग्णांना गुण येतो असे लोक सांगत. औषध एका देशी वनस्पतीच्या बियांचे. खष्ट किंवा कडू कवठ म्हणतात ती ही. आणि ह्या तेलाला पुढील काळात, सल्फोनची औषधे येईपर्यंत, साऱ्या जगात ह्या रोगावर मान होता. परंतु भाऊंनी आपले औषध गुप्त ठेवले. प्रयोग पुरे व्हावेत मगच प्रसिद्ध करावे, असे त्यांच्या मनात असेल. त्यांच्या चाहत्यांनी तसे समर्थनही केले आहे. तरी खुल्या वर्गात, खुल्या परीक्षेने विद्या मिळविलेल्या पहिल्या पिढीच्या अग्रणीने जुन्या वैद्यांप्रमाणे औषध झाकून ठेवावे हे मनाला रुचत नाही. ३१ मे १८७४ रोजी ते वारले.

आणखी एक हिशेब मांडावयाचा राहिला. त्या पहिल्या वर्गातील मुले गरीब असतील, घरातील पहिली असतील. पण अक्षरओळख ज्यांच्या जातीला वर्ज्य नव्हती अशाच समाजांतून ती आली होती. बाहुल्या विकणारे दाजी सारस्वत ब्राह्मण होते. ज्यांच्या आळीत शाळाच नव्हती त्यांची पहिली पिढी मागाहून आली. पुण्याचे डॉक्टर विश्राम रामजी घोले हे गवळी समाजातले. ग्रँट कॉलेजात शिकून ते नामांकित सर्जन झाले. जोतीराव फुल्यांचे ते सहकारी आणि त्यांच्या शेवटच्या आजारपणातील डॉक्टर. घोल्यांनी आपल्या काशी ह्या मुलीला शिकवावयास घेतले. ती लहानपणीच गेली. नातलगांपैकी कोणी तिला काचेचा चुरा घातलेला लाडू दिला, असे पुण्यात सांगत आले आहेत. खरेखोटे आज ठरविणे कठीण. पण १८८० मध्ये तिच्या स्मरणार्थ बांधलेला बाहुलीचा हौद पुण्यात प्रसिद्ध आहे. काशी गेली तरी बापाने हाय खाल्ली नाही; तिची बहीण गंगा पुढे डॉक्टर झाली.

तसेच मुंबईचे सखाराम अर्जुन. ग्रँट कॉलेजात ते वनस्पतिशास्त्र शिकवीत. मराठीतून वैद्यकाची पुस्तके त्यांनी लिहिली. सुतार समाजातील जयंतीबाई ह्या विधवेशी त्यांनी विवाह केला. तिची आधीची मुलगी रखमा त्यांच्या घरात, त्यांच्या पुस्तकांच्या सान्निध्यात वाढली. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या ह्या मुलीने नवऱ्याकडे नांदावयास जाण्याचे नाकारले. खटला झाला, १८८७ मध्ये न्यायालयाने तिला नांदावयास जा अथवा सहा महिने तुरुंगात जा, असा पर्याय दिला. तिने तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. सखाराम अर्जुन १८८५ मध्येच वारले होते. १८८८ मध्ये नवऱ्याने पैसे घेऊन हक्क सोडला. १८८९ मध्ये रखमाबाई लंडनला गेल्या, तेथील स्त्रियांच्या वैद्यकशाळेत शिकल्या, आणि १८९५ मध्ये परतून सुरतेच्या स्त्रीरुग्णालयात रुजू झाल्या. आनंदीबाई जोशी पदवी घेऊन आल्या आणि १८८७ मध्ये, रुग्ण तपासण्याआधीच, गेल्या. रखमाबाईंना दीर्घ आयुष्य लाभले. सुरतेत आणि मग राजकोटात मिळून त्यांनी तीस वर्षांहून अधिक काळ रुग्णसेवा केली. १९५५ मध्ये त्या वारल्या तेव्हा नव्वद वर्षांच्या होत्या.

तेलीबागेतील त्या माउलीला ह्यातले मी काहीच सांगितले नाही. तिने विचारले होते तेवढ्याचेच उत्तर दिले: साडेपाच वर्षे, त्यांतले शेवटचे एक वर्ष रुग्णालयात उमेदवारीचे. तिने बोटांवर मोजले. मग धाकट्या मुलाचे वय किती होईल ते मोजले, चक्कीच्या कर्जाचे हप्ते केव्हा फिटतील ते मोजले, आणि म्हणाली, “म्हणजे जमेल.” जाता जाता तिने विचारले की हाडांचा सांगाडा मुलीला घरी आणावा लागतो काय, आणि आणलाच तर तो देवघराच्या कोणत्या बाजूला ठेवावा.